वनस्पतींच्या यादीला बक्षीस द्यावे का?

‘एथ्नोबॉटनी’ हा शब्द अमेरिकेतील जॉन हर्शबर्गर यांनी १८९५ साली फिलाडेल्फियातील एका व्याख्यानात प्रथम वापरला. तेव्हा ते २६ वर्षांचे होते आणि त्यांना डॉक्टरेट मिळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. मराठीत आपण या शाखेला लोकवनस्पतिशास्त्र म्हणतो. माणसे वनस्पतींना कशी ओळखतात, काय नावे देतात, कशासाठी आणि कशा रीतीने वापरतात, हा तिचा विषय. शास्त्राचे बारसेच एका तरुणाने केलेले असल्याने तरुणांच्या कामाची दखल घेण्याची प्रथा या शाखेत रुजली, यात नवल नाही.

अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर इकॉनॉमिक बॉटनी’ ही १९५९ साली स्थापन झालेली संस्था आपल्या वार्षिक परिषदेत नवोदितांना पारितोषिके देते. उत्तम शोधनिबंध वाचणाऱ्याला एडमंड फुलिंग यांच्या नावाचे, तर उत्तम भित्तिपत्रक मांडणाऱ्याला ज्युलिया मॉर्टन यांच्या नावाचे. फुलिंग यांनी १९४७ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’ हे नियतकालिक सुरू केले. पश्चिम घाटातील देवरायांवरचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा निबंध १९७६ साली त्यातच प्रसिद्ध झाला होता. मॉर्टनबाईंची गोष्ट वेगळीच. उष्ण प्रदेशातील फळांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो, पण त्यांनी रीतसर विद्यापीठीय पदवी घेतलेली नव्हती. मिळाली ती सन्माननीय डॉक्टरेट. पदवीच्या पायऱ्या चढणाऱ्यांचे बक्षीस पदवी नसलेल्या विदुषीच्या नावे असावे, हे मला फार आवडते.

बक्षिसे असावीत की नसावीत, हा माझा वाद नाही. बक्षीस नेमके कशाला मिळते, हा आहे.

आपल्याकडील शालेय विज्ञान प्रदर्शने आणि महाविद्यालयीन परिषदा पाहिल्या, तर या विषयातील बहुतेक प्रकल्प एकाच साच्याचे दिसतात. एक तालुका, शंभर-सव्वाशे वनस्पती आणि तक्त्यात चार रकाने: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरण्याचा भाग, उपयोग. यादी जितकी लांब, तितका क्रमांक वरचा. हा दोष मी इतरांच्या पदरात टाकत नाही. परीक्षक म्हणून मीही एकदा अशाच लांबलचक यादीला पहिला क्रमांक दिला आहे. त्या यादीत एक ओळ होती: ‘शेवळ – फुलोरा – भाजीसाठी’.

ही ओळ खोटी नाही. पण ठाणे-रायगडकडच्या कोणत्याही गृहिणीला ती वाचून हसू येईल. शेवळे नुसती शिजवून खाल्ली, तर घसा खवखवून जीव नकोसा होतो. म्हणून फुलोरा साफ करून, चिरून तिच्यात काकडाची आंबट फळे घालतात. बाजारात पावसाच्या तोंडाशी शेवळांच्या जुड्या येतात, त्यांच्याच शेजारी काकडे विकायला असतात. काकड (गारुगा पिन्नाटा) हे वेगळ्याच कुळातले झाड. म्हणजे लोकांजवळचे ज्ञान ‘शेवळ खातात’ एवढेच नाही. ते शेवळ आणि काकड यांच्या जोडीचे आहे, आणि चार रकान्यांच्या तक्त्यात जोडीला जागाच नाही.

आता यातला खरा प्रश्न पाहा. खवखव होते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, असे आपण शिकवतो. आंबट घातल्याने ते विरघळत असतील, असे उत्तरही सहज सुचते. परंतु बारावीच्या विद्यार्थ्याने प्रयोगवही उघडावी: कॅल्शियम ऑक्झॅलेटचा अवक्षेप असेटिक आम्लासारख्या सौम्य आम्लात विरघळत नाही. मग काकड नेमके करते काय? स्फटिकांवर परिणाम होतो, की त्यांच्याबरोबर असणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घटकावर? शिजवण्याचा वाटा किती? एक सूक्ष्मदर्शक आणि शिजवण्यापूर्वीचे व नंतरचे नमुने एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. माझ्या मते हा एक प्रश्न सव्वाशे ओळींच्या यादीपेक्षा मोलाचा आहे. मी तेव्हा तो विचारला नाही.

शेवळाची अडचण आणखी एक. फुलोरा आधी येतो आणि पान मागाहून. एकाच फेरीत गोळा केलेला नमुना त्यामुळे अपुरा राहतो. एकाच जागी पुन्हा जावे लागते. परिषदेची तारीख मात्र पानाची वाट पाहत नाही. घाईची झळ पहिल्यांदा नमुन्यांनाच बसते. ‘ब्राह्मी’ असे नुसते लिहून आणलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, कोणती? बाकोपा मोनिएरीला ब्राह्मी म्हणतात, आणि सेंटेला एशियाटिकालाही. वाळवून जपलेला नमुना नसेल, तर उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

नमुन्याचे मोल रिचर्ड शुल्टिस यांच्या उदाहरणातून कळते. मेक्सिकोच्या प्राचीन विधींतील ‘तेओनानाकात्ल’ ही अळंबी नसून पेयोटे हे निवडुंग होय, असे विल्यम सॅफर्ड या मान्यवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१५ साली ठामपणे मांडले. ब्लास पाब्लो रेको यांचा विरोध कोणी मनावर घेतला नाही. पेयोटेवर काम करणाऱ्या हार्वर्डच्या शुल्टिस या विद्यार्थ्याला वॉशिंग्टनच्या वनस्पतिसंग्रहात रेको यांचे जुने पत्र सापडले. १९३८ साली तो रेकोंसह ओआहाका प्रांतात गेला आणि अळंबीचे नमुने घेऊन आला. त्याने १९३९ साली सांगितलेला वंश होता पॅनिओलस. पुढे मुख्य वापर सिलोसायबे वंशातील जातींचा असल्याचे दिसले. त्याचाच एक नमुना या दुसऱ्या वंशातला निघाला. नमुने जपले होते, म्हणून चूक दुरुस्त करता आली.

अलीकडे यादीच्या जोडीला आकडेही येतात: ‘उपयोग-मूल्य’, ‘माहितगारांचे एकमत’. त्यांचा उपयोग आहेच. पण पन्नास जणांनी सांगितलेल्या हळदीचा आकडा मोठा येतो आणि एकट्या वैदूला ठाऊक असलेल्या मुळीचा नगण्य. परीक्षकाला मात्र तीन दशांश स्थळे पाहून समाधान वाटते.

आणि तो वैदू? केरळमधील काणी आदिवासींचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८७ साली अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञ दमून गेले, तेव्हा बरोबरचे काणी वाटाडे कसलीशी फळे खात ताजेतवाने होते. ती वनस्पती आरोग्यपच्चा. तिच्यापासून बनवलेल्या औषधाचा परवाना १९९५ साली १० लाख रुपये आणि २ टक्के स्वामित्वधनावर दिला गेला. त्यातला निम्मा वाटा काणींसाठी ठरला आणि १९९७ साली त्यांचा न्यास नोंदवला गेला. वाटणीवरून पुढे वाद झाले, सगळ्या काणींना ती मान्यही नव्हती. तरी माहिती देणाऱ्याचा हक्क हिशेबात धरला गेला. आपल्या प्रकल्पांत हा माणूस शेवटच्या पानावर ‘गावकऱ्यांचे आभार’ एवढ्यात आटोपतो. माहिती छापायला त्याची परवानगी घेतली होती का, हे प्रदर्शनात कोणी विचारत नाही.

पुढच्या वेळी परीक्षकाच्या खुर्चीत बसलो, तर यादीतील ओळी मी मोजणार नाही. त्यांतली एखादी निवडून तीन गोष्टी मागेन: नमुना, सांगणाऱ्याची परवानगी आणि त्या वनस्पतीची पूर्ण कृती. भाजी शेवळाची असेल, तर काकडासकट.