अस्थिविलयाची परिभाषा : एका आनुवंशिक व्याधीच्या मराठी शब्दांची समीक्षा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा दोन निकषांवर होत आली आहे. शब्द संस्कृतोद्भव असावा की परकीय शब्दच स्वीकारावा, हा एक. आणि तो उच्चारावयास सुलभ असावा, हा दुसरा. या वादात तिसरा आणि अधिक महत्त्वाचा निकष मागे पडतो. शब्द ऐकणारा त्यावरून कोणते अनुमान करील, हा तो निकष होय. वैद्यकात या अनुमानावर कुटुंबाचे निर्णय अवलंबून असतात. म्हणून तेथे परिभाषेतील दोष केवळ भाषिक राहत नाही. पिक्नोडायसोस्टोसिस या दुर्मिळ व्याधीचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

मारोटो व लामी या फ्रेंच वैद्यांनी १९६२ साली या व्याधीला हे नाव दिले. त्यातील ग्रीक घटकांचा अर्थ घनता, विकृती आणि अस्थी असा आहे. रुग्णाची उंची खुंटते, टाळू मोठेपणीही भरून येत नाही, जबड्याचा कोन पसरट होतो, बोटांची टोके आखूड राहतात. हाडे प्रमाणाबाहेर घन असतात आणि तरीही अल्प आघाताने मोडतात. या व्याधीचे कारण १९९६ साली निश्चित झाले. पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर कॅथेप्सिन-के या विकराचे जनुक आहे. त्यात बिघाड झाल्याने ही व्याधी उद्भवते. निरोगी शरीरात हाड सतत झिजवले जाते व पुन्हा बांधले जाते. झिजवण्याचे काम करणाऱ्या पेशी हाडाच्या पृष्ठावर आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि कॅथेप्सिन-केच्या साहाय्याने उरलेल्या कोलॅजेनचे विघटन करतात. विकर नसेल तर खनिज जाते, पण कोलॅजेन तसेच राहते. जुने हाड नीट काढले जात नाही व नव्याची रचना बिघडते.

या पेशींच्या इंग्रजी नावातील ग्रीक धातूचा अर्थ मोडणे असा आहे. त्याचे शब्दशः रूपांतर ‘अस्थिभंजक’ असे होईल; आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. मराठीत ‘अस्थिभंग’ म्हणजे हाड मोडणे. अस्थिभंजक पेशी दुबळ्या झाल्या, तर अस्थिभंग कमी व्हावा असेच कोणीही मराठी वाचक समजेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. व्युत्पत्तीला निष्ठ राहणारा शब्द येथे अर्थाला पारखा होतो. ‘अस्थिविलय’ आणि ‘अस्थिविलयक पेशी’ हे शब्द मुळाशी जुळत नसले, तरी क्रियेचे स्वरूप अधिक यथार्थपणे सांगतात. बोलभाषेतील ‘ठिसूळ हाडे’ हा प्रयोगही असाच फसवा आहे. ठिसूळ म्हणताच कॅल्शियमची उणीव डोळ्यांपुढे येते. या व्याधीत तर हाडाची घनता अधिक असते. हाड घन असणे व हाड बळकट असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे सांगणारा शब्द रूढ मराठीत नाही.

याच विकराला रोखून वृद्धांची हाडे विरळ होणे थांबवावे, या हेतूने ओडानाकॅटिब हे औषध मर्क कंपनीने विकसित केले होते. पक्षाघाताचा धोका वाढल्याचे आढळल्यावर २०१६ साली ते काम सोडून देण्यात आले. जे एका बालकाच्या ठायी व्याधी तेच दुसऱ्या रुग्णासाठी उपचार ठरू पाहत होते. झीज म्हणजे नेहमीच हानी, हा समज त्यामुळे टिकत नाही.

दुसरा शब्द ‘अप्रभावी’. प्रभावी आणि अप्रभावी ही जोडी जनुकांच्या संदर्भात रूढ आहे. परंतु व्यवहारात अप्रभावी म्हणजे परिणामशून्य. अप्रभावी दोष आहे असे ऐकणाऱ्या पित्याने निश्चिंत व्हावे, हे भाषेच्या दृष्टीने स्वाभाविकच होय. प्रत्यक्षात असे जनुक दोन्हीकडून आले की त्याचा परिणाम पूर्ण प्रकट होतो. मातापिता दोघेही ते बाळगणारे असतील, तर प्रत्येक अपत्याला व्याधी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि निरोगी भावंडांपैकी सरासरी तिघांत दोघे ते जनुक बाळगून असतात. ‘प्रच्छन्न’ हा शब्द हे दडलेपण सुचवतो, म्हणून तो अधिक ग्राह्य ठरतो. ‘वाहक’ हा शब्दही निर्दोष नाही; डास हिवतापाचा वाहक असे वाचण्याची सवय झालेल्या समाजात आईला वाहक म्हणणे म्हणजे तिच्यावर दोष ठेवणे होते.

‘आनुवंशिक’ या शब्दाचा प्रश्न याहून खोल आहे. ‘आमच्या वंशात असे कोणालाच नव्हते’ हे विधान कुटुंबांत पुराव्यासारखे मांडले जाते. वंश म्हणजे पित्याकडील परंपरा, हा मराठी शब्दाचा जुना संस्कार आहे. प्रच्छन्न जनुक तर दोन्ही घरांतून, अनेक पिढ्या न दिसता येते. नात्यांची नावेही याच ठिकाणी दिशाभूल करतात. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात दाखवले, की महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे, आत्याच्या मुलीशी मात्र बहुधा नाही. सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, यात त्या प्रथेची खूण भाषेने जपली आहे. मामेबहीण, आतेबहीण, चुलतबहीण, मावसबहीण ही चार नाती मराठीने वेगळी केली. पहिल्या गुणसूत्रावरील जनुकाला हा भेद ठाऊक नाही. चारही नात्यांत सामाईक आजीआजोबा दोन. त्यांपैकी एकाकडे ते जनुक असल्यास नातवंडांच्या विवाहातून व्याधिग्रस्त अपत्य होण्याची शक्यता चौसष्टांत एक.

तुलूझ-लोत्रेक (१८६४-१९०१) या फ्रेंच चित्रकाराला हीच व्याधी असावी, असे अनुमान मारोटो व लामी यांनी १९६५ साली मांडले. ते पुढे विवाद्य ठरले. त्याच्या आईवडिलांच्या माता सख्ख्या बहिणी होत्या. म्हणजे ते मावस भावंडे. मराठी रूढीने हा विवाह निषिद्ध मानला असता, आणि मामेबहिणीशी झालेला त्याच आप्तांतराचा विवाह मंगल मानला असता. रूढीचा निषेध सामाजिक आहे, जैविक नाही; त्याला शास्त्राचा आधार म्हणून पुढे करणे अयोग्य होय.

परिभाषेची कसोटी कोशात लागत नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात, दासवे गावाच्या परिसरात लवासा वसले. हे नाव घडवलेले. मराठीत त्याला अर्थ नाही, तरी ते रुळले. स्थलनामाला एवढे पुरते, कारण त्याने स्थळ दाखवावे इतकीच अपेक्षा असते. व्याधीच्या नावाचेही तसे चालू शकेल. पिक्नोडायसोस्टोसिस तसेच ठेवण्यास हरकत नाही. पण त्या नावाचा उलगडा करणाऱ्या शब्दांना ही सवलत देता येत नाही. लवाशाच्या भोवतालच्या वाडीतील आईला वैद्याने ‘अप्रभावी’ म्हटले, तर ती पुढील गर्भारपणी सल्ला घेण्यास येईलच असे नाही. ‘तुम्हा दोघांत दडलेले आहे’ म्हटले, तर येण्याचा संभव अधिक. नाव परके असले तरी चालेल. स्पष्टीकरण मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेतील अनुमानांशी ताडून पाहिलेले असले पाहिजे. परिभाषा समित्यांनी समानार्थ शोधण्यापूर्वी हा विपरीतार्थ शोधणे अगत्याचे आहे.