इंग्रजी क्रियापदांची सोयरीक

परीक्षा विद्यार्थी देतो कीं घेतो, हा प्रश्न मराठी माणसास वेडगळपणाचा वाटेल. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि परीक्षक ती घेतो. इंग्रजांकडे हा व्यवहार नेमका उलटा आहे. तेथें विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतो. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीस गेला असतां त्यानें आपण शेवटची परीक्षा अमुक सालीं दिल्याचें 'गेव्ह' हें क्रियापद योजून सांगितलें. समोरच्या गृहस्थांनीं, "म्हणजे आपण प्राध्यापक होतां तर!" असें म्हणून यथेच्छ हंसून घेतलें. मुलानें व्याकरणाचा एकही नियम मोडला नव्हता. कर्ता, कर्म, काळ सर्व यथास्थित होतें आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशाबरहुकूम होता. चुकली होती ती सोयरीक. ही हकीकत त्यानें सांगितली तेव्हां आम्हांसही प्रथम हंसूं आलें. लाज मागाहून वाटली, कारण तीन वर्षें तो आमच्याच वर्गांत बसत होता.

नामाचें क्रियापदाशीं आणि क्रियापदाचें शब्दयोगी अव्ययाशीं जें नातें असतें, तें अर्थ पाहून जुळविलेलें नसतें. रूढीनें जुळलेलें असतें. इंग्रजींत चूक 'मेक' करावयाची, पण गृहपाठ 'डू' करावयाचा. लक्ष 'पे' करावयाचें, म्हणजे पदरचे पैसे मोजावे तसें मोजून द्यावयाचें. निर्णय अमेरिकन मनुष्य 'मेक' करतो. इंग्रज तो 'मेक' करतो तसा 'टेक'ही करतो. मराठीचें 'करणें' हें क्रियापद मोठें उदार आहे. चूक, गृहपाठ, स्वयंपाक, लग्न, नवस या सर्वांस तें आपल्या पंखाखालीं घेतें. त्यामुळें 'डू' आणि 'मेक' या दोहोंचा अर्थ 'करणें' एवढाच पाठ केलेल्या मुलास त्यांतील भेद कळावा कसा?

शब्दयोगी अव्ययांची गोष्ट याहून बिकट आहे. राग, प्रेम, विश्वास, दया या मनोवृत्तींस मराठीनें 'वर' हें एकच आसन दिलें आहे. मुलगा आईवर रागावतो, आईवर प्रेम करतो, आईवर विश्वास ठेवतो. हेंच आसन 'ऑन' या रूपानें तो इंग्रजींत उचलून नेतो आणि फसतो. इंग्रजींत रागास 'विथ' हवें, विश्वासास 'इन' हवें, आणि 'लव्ह' या क्रियापदास तर कोणाचेंच साह्य नको. बरें, 'ऑन' सर्वथा वर्ज्य समजून त्यानें स्वस्थ बसावें, तर दयेच्या प्रसंगीं 'टेक पिटी' याच्यापुढें नेमकें 'ऑन'च येऊन उभें राहतें! 'अमक्याशीं लग्न' यावरून तो 'मॅरीड विथ' म्हणतो, इंग्रज 'टू' म्हणतो. 'विषयाबद्दल चर्चा' यावरून तो 'डिस्कस'पुढें 'अबाउट' जोडतो, इंग्रज कांहींच जोडीत नाहीं. हा शेवटचा प्रयोग मात्र एकट्या मराठी मुलाचा अपराध नव्हे. नायजेरियापासून सिंगापूरपर्यंत तो कानीं पडतो. 'टॉक'पुढें 'अबाउट' चालतें, 'डिस्कशन'पुढें चालतें, मग 'डिस्कस'नेंच काय पाप केलें, असें या सर्व देशांतील मुलांस वाटत असल्यास त्यांस दोष देण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

इंग्रजी ही विक्षिप्त भाषा आहे, असा यावरून कोणी निष्कर्ष काढील तर त्यानें क्षणभर आपल्या घरांत पहावें. 'जीव' हा एकच शब्द घ्या. जीव देणें म्हणजे आत्महत्या, जीव घेणें म्हणजे परहत्या. जीव लावणें म्हणजे माया, जीव टाकणें म्हणजे त्याहूनही अधिक माया, आणि जीव खाणें म्हणजे निव्वळ छळ. शपथ आपण घेतों तशी खातोंही. भूक, तहान, झोंप, दृष्ट, आग, लग्न हीं सारीं 'लागतात', पण थंडी 'वाजते' आणि शिंक 'येते'. परक्यास हें कोणत्या तर्कानें सांगावें?

तर्कानें सांगतां येत नाहीं, हें ज्याला प्रथम नीट उमगलें तो एक परकाच होता. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ ची. तींत सुमारे ६०,००० शब्द आहेत. या कोशाची शब्दसंपत्ति व अर्थाची अचूकता यांची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस त्याचा खरा मोठेपणा एका बारीकशा अक्षरांत दिसतो. नामाचा अर्थ देऊन झाल्यावर मोल्सवर्थ 'व्ही' हें अक्षर घालतो आणि त्यापुढें त्या नामाशीं चालणारे धातु मांडतो: कर, घे, दे, लाग, घाल, जसे असतील तसे. कर्मास षष्ठी लागते कीं 'वर' लागतें, याचीही सूचना ठिकठिकाणीं असते. हा कोश मराठी शिकणाऱ्या इंग्रजांच्या उपयोगाचा होता. शब्दाचा अर्थ कळला तरी त्याचा सोबती ठाऊक नसल्यास साहेबाच्या तोंडीं वाक्य उभें राहणार नाहीं, हें कोशकार ओळखून होता. मराठी माणसास या माहितीची गरज नव्हती, म्हणूनच कदाचित् तिचें महत्त्व आपल्या ध्यानांत आलें नाहीं.

येथेंच आमची तक्रार आहे. मोल्सवर्थचा कोश मराठी विद्वानांच्या मेजावर दीड शतकाहून अधिक काळ पडलेला आहे; १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रणही झालें. परंतु जें त्यानें साहेबाकरितां मराठीचें केलें, तें मराठी मुलाकरितां इंग्रजीचें करावें, ही बुद्धि शाळेंत वापरल्या जाणाऱ्या आमच्या इंग्रजी-मराठी कोशांस झाली नाहीं. त्यांत अर्थांपुढें अर्थ मांडलेले असतात; एका शब्दास मराठीचे पांच प्रतिशब्द, पण त्याच्या सोबत्याचा पत्ता नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आज कोणी हंसतात. पण तिनें निदान मुलाच्या हातीं वाक्य दिलें, आणि वाक्याबरोबर सोबती आपोआप आला. तिच्या मागून आलेल्या मार्गदर्शिकांनीं वाक्य काढून घेतलें आणि शब्दार्थांच्या याद्या दिल्या.

इंग्रजीकरितां हें काम झालें, पण तें प्रथम जपानांत. हॅरोल्ड पामर यांनीं टोकियो येथें १९३३ सालीं अशा जोडशब्दांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी हॉर्नबी यांनीं दोघां मित्रांच्या साह्यानें रचलेला कोश १९४२ सालीं, ऐन युद्धांत, तेथेंच छापला गेला आणि १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो जगापुढें आणला. कोणतें क्रियापद कोणत्या रचनेंत बसतें हें त्यांत पंचवीस साच्यांनीं दाखविलें होतें. पुढें संगणक आला, लक्षावधि वाक्यें प्रत्यक्ष वापरांतून गोळा करून शब्दांच्या संगती मोजतां येऊं लागल्या, आणि २००२ सालीं ऑक्सफर्डनें केवळ या सोयरिकींचाच कोश काढला. आमच्या मतें मोल्सवर्थच्या 'व्ही'चा तो नातू होय, जरी त्यास आपल्या आजोबाचें नांव ठाऊक नसेल.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात कीं, भरपूर वाचन करा, सोबती आपसुक कळतात. गोष्ट खरी आहे; ज्यांच्या घरीं इंग्रजी पुस्तकांचीं कपाटें आहेत त्यांच्यापुरती. नाशिकांत हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ सालीं निघालें, तेव्हांपासून या गांवांत शेक्सपिअर वाचला जात आहे, आणि ज्यांस तो घरींही मिळाला त्यांचें इंग्रजी कोणी शिकविल्यावांचून सुधारलें. पण निफाड-दिंडोरीहून एस. टी. नें येणाऱ्या मुलाच्या घरीं एकच इंग्रजी पुस्तक असतें, तें म्हणजे क्रमिक पुस्तक. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलें खरें. त्यानें मुलांची शब्दांची यादी लांबली, सोयरीक कोणी शिकविली नाहीं. दुसरे एक स्नेही म्हणतात, 'गिव्ह'च बरोबर म्हणा. सारा हिंदुस्थान तसें बोलतो, मग साहेबाची भीति कशाला? हें म्हणणें आम्हांस पहिल्यापेक्षां अधिक पटतें. मात्र ज्याला दोन्ही प्रयोग ठाऊक आहेत त्यानें हा बाणा दाखवावा. ज्याला एकच ठाऊक आहे त्याला मुलाखतींत तो महागांत पडतो.

तीस वर्षें आम्ही तांबड्या शाईनें 'ऑन'वर रेघ मारीत आलों आणि आपण इंग्रजी शिकविलें असें समजत आलों. गेल्या वर्षापासून ती संवय मोडली आहे. मुलांनीं वहींत नाम लिहावें, मोल्सवर्थप्रमाणें त्यापुढें मराठी धातु मांडावे आणि समोर इंग्रजी सोबती शोधून लिहावे, एवढेंच काम आम्ही देतों. बहुतेकांनीं 'परीक्षा', 'अभ्यास', 'प्रवास' असे सभ्य शब्द निवडले. निफाडकडच्या एका मुलीनें 'फवारणी' निवडला. घरीं द्राक्षबाग आहे. मराठीच्या रकान्यांत तिनें 'कर', 'घे' लिहिलें होतें, आणि खालीं 'औषध' या शब्दापुढें 'मार'. समोरचा रकाना कोरा होता. 'टेक स्प्रे' चालेल का, असें तिनें भीतभीत विचारलें. आम्हांस उत्तर लगेच सुचलें नाहीं. घरीं येऊन कोश धुंडाळले. दुसऱ्या दिवशीं तिला सांगितलें कीं, येथें इंग्रजीस सोबतीच नको. 'स्प्रे' हें नामच क्रियापद होतें आणि वेलींस थेट कर्म करून मोकळें होतें. तिनें रकान्यांत तेवढा एक शब्द लिहिला आणि विचारलें, "मग सर, छाटणीचें काय?"