‘शोस्टॉपर!’: एक परीक्षण

जी. पास्कल झॅकरी या पत्रकाराचें ‘शोस्टॉपर!’ हें इंग्रजी पुस्तक १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनींत १९८८ पासून ‘विंडोज एनटी’ ही संगणक-प्रणाली कशी घडत गेली, याचा हा वृत्तांत होय. डेव्हिड कटलर हा त्याचा नायक. प्रोग्राम लिहिणारांनीं आपली अपुरी प्रणाली स्वतःच्याच यंत्रावर चालवावी व तिचे दोष आधीं स्वतः भोगावे, असा तेथील दंडक. सर्वांचें लिखाण रोज एकत्र जुळवावयाचें, रोज दोष हुडकावयाचे. ज्या दोषापायीं प्रणाली बाजारांत धाडणेंच थांबवावें लागे, तो ‘शोस्टॉपर’. ही रीत ग्रंथकारानें इतकी विशद केली आहे कीं, त्या शास्त्राशीं अपरिचित वाचकही कंटाळत नाहीं.

रात्रंदिवसाच्या श्रमांनीं ताणले गेलेले संसारही त्यानें झांकून ठेविले नाहींत, हा त्याचा प्रामाणिकपणा. आमचा आक्षेप आहे तो मांडणीवर. लढाईच्या आवेशांत कथा सांगितली म्हणजे घरच्यांचें दुःख ही विजयाची रास्त किंमत वाटूं लागते. परंतु येथें तारीख ठरविणारे कंपनीचेच लोक होते, शत्रु नव्हे. ती तारीख पुनःपुन्हां हुकली. प्रणाली अखेर जुलै १९९३ मध्यें बाहेर पडली. आणि त्या विलंबानें कंपनी कांहीं बुडाली नाहीं. मग एवढी घाई कोणासाठीं? हा प्रश्न ग्रंथकारानें नेटानें विचारावयास हवा होता.

ज्यांचीं मुलें आज अशाच कंपन्यांत आहेत, त्या वडील मंडळींनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. मुलगा किंवा सून रात्रीं उशिरां घरीं परतल्यावर पगाराखेरीज आणखी काय विचारावें, तें त्यांस उमगेल.