जुनीं छायाचित्रें आणि आपलीं गांवें

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या ग्रामजीवनाचीं छायाचित्रें हल्लीं पुस्तकांतून व प्रदर्शनांतून वारंवार पाहावयास मिळतात, आणि त्यांचें कौतुकहि पुष्कळ होतें. परंतु हें कौतुक बहुधा ‘काय तो काळ होता!’ या उद्गारापाशींच थांबतें. छायाचित्र हा जर पुरावा असेल, तर इतर पुराव्यांप्रमाणें त्याचीहि उलटतपासणी झाली पाहिजे. त्यासाठीं आम्ही बदलापुराजवळच्या खरवईचा टापू डोळ्यांपुढें ठेवतों. मुंबईहून निघालेला लोहमार्ग या टापूंतून १८५६ सालींच खोपोलीपर्यंत गेला होता. तेव्हां छायाचित्रकारांस हा भाग दुर्गम होता असें म्हणतां यावयाचें नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, अशीं चित्रें कोणीं व कशासाठीं घेतलीं? मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ आरंभापासून या कलेंत होते. तथापि लोकजीवनाच्या चित्रणाची रीति ठरविली ती मुख्यतः परकीयांनीं. विल्यम जॉन्सन यानें मुंबईच्या जातिजमातींविषयीं १८६३ व १८६६ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसें एका ठिकाणचीं व त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, अशी जोडणी आहे. ज्यास आपण ‘जसें होतें तसें’ म्हणतों, तें असें जुळविलेलेंहि असूं शकतें.

दुसरें उदाहरण जवळच्या अंबरनाथचें. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेल्या तेथील शिवमंदिराची पाहणी सरकारनें १८६८ च्या सुमारास करविली. मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनीं शिल्पांचे सांचे व रेखाचित्रें तयार केलीं. छायाचित्रेंहि घेतलीं गेलीं. त्या काळच्या पुरातत्त्वविषयक छायाचित्रांत खांबाशेजारीं एखादा मनुष्य उभा केलेला पुष्कळदां दिसतो. खांबाची उंची समजावी एवढाच त्याचा उपयोग. शिल्पाचें वर्णन पानभर, आणि मोजपट्टी झालेल्या माणसाविषयीं अवाक्षर नाहीं!

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या क्लिफ्टन कंपनीसारख्या प्रकाशकांनीं चित्रांचीं पोस्टकार्डें बाजारांत आणलीं. तोंवर ओल्या कांचेची कटकट संपून कोरड्या कांचा आल्या होत्या. १९०० सालीं निघालेल्या ‘ब्राउनी’ कॅमेऱ्यानें तर हें काम हौशी माणसाच्याहि आवांक्यांत आणलें. साधनें बदललीं, पण दृष्टि तीच राहिली. चित्राखालीं जातीचें वा धंद्याचें नांव येई. माणसाचें येत नसे.

एवढ्यावरून हीं चित्रें टाकाऊ ठरतात असें मात्र आम्ही मानीत नाहीं. छायाचित्रकार जें दाखवूं इच्छितो त्याहून अधिक कांहीं कांचेवर उमटतें, आणि खरी संपत्ति तेथेंच आहे. कमरेचा कोयता, डोईवरच्या मोळीची बांधणी, कुडाच्या भिंतीचें सारवण, भेगाळलेलीं पावलें, यांस कोणीं ‘असें उभें राहा’ म्हणून सांगितलें नव्हतें. जाणत्या शेतकऱ्यास शेताच्या एका कोपऱ्यांतील काळा पट्टा पाहून तेथें राब भाजला होता हें कळेल. तें मथळा लिहिणाऱ्यास कळलें नसेल.

तसेंच जें चित्रांत नाहीं तेंहि पाहिलें पाहिजे. ठाणें जिल्ह्याचें जीवन भातावर, आणि भात पावसावर. चिखलांत वांकून, इरलीं पाठीवर घेऊन चाललेली आवणी हा येथील वर्षाचा मुख्य प्रसंग. पण कोसळत्या पावसांत कॅमेरा, कांचा व उजेड या तिहींचीहि अडचण. त्यामुळें चित्रांतला कोंकण बहुतेक कोरडा, स्वच्छ उन्हांतला आहे. त्यावरून त्या काळच्या लोकांस निवांत म्हणणें हा त्यांच्या श्रमांवर अन्याय होय.

याच्या उलट प्रकार आपल्या घरांतील जुन्या तसबिरींचा. स्टुडिओंतील रंगविलेला पडदा, खुर्ची, फुलदाणी, आणि ठेवणींतलीं वस्त्रें ल्यालेलें कुटुंब. तेथें कोयता नाहीं, इरलें नाहीं, चिखल तर नाहींच. हा खोटेपणा आहे असें कित्येक टीकाकार म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्यांस परक्यानें केवळ ‘नमुना’ म्हणून पाहिलें, त्यांनीं आपणांस कसें पाहावें हें येथें स्वतः ठरविलें आहे. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांपैकीं ज्यांस स्टुडिओचा खर्च झेपला, त्यांच्याच वांट्यास हा मान आला, हें मात्र विसरूं नये. पोस्टकार्डांत काम आहे, नांव नाहीं. तसबिरींत नांव आहे, काम नाहीं. गांवाचा इतिहास लिहूं पाहणारानें दोन्ही शेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत.

आणि येथेंच घाईची गोष्ट आहे. तसबिरींतलें नांवहि कागदावर नसून घरांतील वृद्धांच्या तोंडीं असतें. ते गेले म्हणजे आपल्याच पणजोबाचें चित्र पोस्टकार्डावरील अनामिकाइतकें मुकें होतें. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हास नदीचें पाणी बदलापूरच्या परिसरांत घरोघर शिरलें. छायाचित्रावरील सरसाचा थर पाण्यानें फुगतो, कांचेस चिकटतो, आणि सोडवूं जातां चेहराच निघून येतो. शहर आज खरवईला येऊन भिडलें आहे. शेतांच्या खुणा पुसल्या जात असतां चेहऱ्यांच्याहि पुसल्या जाव्यात काय?

मोठें संग्रहालय होईल तेव्हां होवो. तोंवर प्रत्येक घरानें तसबीर उतरवून, वडिलधाऱ्यांस विचारून, मागें मऊ पेन्सिलीनें नांव, गांव, साल, आणि तो मनुष्य काय काम करी, एवढें लिहून ठेवावें. हें शेवटचें विशेष अगत्यानें लिहावें. कारण तें चित्रांत दिसणार नाहीं.