ईमची नोंदवही : साथीत मेलेल्यांचं स्मरण कोण करतं?

आजचा विषय आकाराने लहान आहे. एक खेडं, त्यातलं एक चर्च आणि एक साथ. खेडं इंग्लंडातल्या डर्बिशायर परगण्यातलं. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण त्याला ‘इयाम’ म्हणू, पण तिथले लोक ‘ईम’ म्हणतात, म्हणून आम्हीही ईमच म्हणणार. २०२० साली कोविड आला आणि या गावाचं नाव पुन्हा सगळीकडे निघालं, वर्तमानपत्रांत, प्रवचनांत, दूरचित्रवाणीवर. गोष्ट सगळीकडे एकच होती : साडेतीनशे वर्षांपूर्वी प्लेग आला तेव्हा या गावाने आपणहून गावबंदी केली, स्वतः मरण पत्करलं आणि आसपासचा मुलूख वाचवला. आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो तेव्हा ही गोष्ट धीर देणारी होती, यात शंका नाही.

आज या गोष्टीची चिकित्सा करायची आहे. चिकित्सा म्हणजे ती खोटी पाडायची, असं नव्हे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही गोष्ट नेमकं कुणाचं स्मरण करते, आणि कुणाला वगळून करते?

आधी घटना थोडक्यात पाहू. १६६५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनहून कापडाची एक पेटी गावातल्या शिंप्याकडे आली. कापड दमट होतं, त्यात पिसवा होत्या, असं सांगतात. त्या घरी काम करणारा जॉर्ज व्हिकर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेला. हिवाळ्यात साथ मंदावली आणि १६६६ च्या वसंतानंतर पुन्हा उसळली. विल्यम मॉम्पेसन हे गावाचे धर्मगुरू, वय तिशीच्या आतलं, गावात नवेच. त्यांच्या आधीचे टॉमस स्टॅन्ली प्युरिटन मताचे. राजा पुन्हा गादीवर आल्यावर त्यांचं पद गेलं होतं, पण ते गावातच राहत होते. एरवी हे दोघे एका बाजूला उभे राहिले नसते. पण साथीत ते एकत्र आले आणि गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या. एक, अंत्यविधीची गर्दी नको, ज्याने त्याने आपला मृत आपल्याच शेतात, परसात पुरावा. दोन, चर्च बंद. उपासना ककलेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, कुटुंबाकुटुंबात अंतर ठेवून. आणि तीन, गावाच्या हद्दीबाहेर कुणी जायचं नाही. बाहेरचे लोक हद्दीवरच्या दगडापाशी अन्न ठेवत. गावकरी दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी टाकत. शेवटचा मृत्यू १६६६ च्या नोव्हेंबरात झाला. मॉम्पेसन यांनी त्याच महिन्यात लिहिलेल्या पत्रात हिशेब दिला आहे : ७६ कुटुंबांत रोग शिरला, २५९ माणसं गेली.

इथवर ठीक. आता ही घटना ‘गोष्ट’ कशी झाली ते बघा.

मॉम्पेसन यांची त्या काळातली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यांचा मुख्य सूर शोकाचा आहे. पत्नी कॅथरिन ऑगस्टमध्ये गेली, तिचं दुःख आहे, स्वतःच्या मरणाची तयारी आहे आणि शेवटी साथ ओसरल्याचं समाधान आहे. एक पत्र मुलांना लिहिलेलं आहे. ते लिहावं लागलं, कारण मुलं गावात नव्हती. गावबंदी होण्याआधीच त्यांना बाहेर पाठवलं होतं. हा आरोप नव्हे. कुठल्याही आईबापाने तेच केलं असतं. पण ज्यांना मुलं पाठवायला दुसरं घर होतं आणि ज्यांना नव्हतं, अशी दोन प्रकारची माणसं ईममध्ये होती, हे विसरता येत नाही. काही सधन घरं तर आधीच निघून गेली होती. म्हणजे ‘गावाने ठरवलं’ या वाक्यातला ‘गाव’ हा मागे उरलेल्यांचा होता.

‘स्वतःहून बलिदान करणारं गाव’ हे ठसठशीत रूप पुढच्या दीडदोनशे वर्षांत घडलं. अठराव्या शतकात ते छापलं गेलं, एकोणिसाव्यात त्याच्यावर कविता झाल्या, १८४२ साली विल्यम वुड यांनी गावाचा इतिहास लिहिला. आज ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी घळीत जी उपासना होते, तो ‘प्लेग संडे’ सुरू झाला १८६६ साली, द्विशताब्दीला. पॅट्रिक वॉलिस या इतिहासकारांनी २००६ मध्ये ही घडण बारकाईने मांडली आहे. आकड्यांचंही तेच. जुन्या सांगण्यात गाव साडेतीनशे लोकांचं, म्हणजे चारातले तीन गेले. पुढच्या अभ्यासकांनी चूलपट्टीच्या याद्या वगैरे तपासून लोकसंख्या सातशे-आठशेच्या घरात नेली, म्हणजे तिनातला एक गेला. तोही भयानकच. पण गोष्टीला मोठा आकडा लागतो, कारण गोष्टीला बलिदान दाखवायचं असतं.

कलाकृतींचं काय? डॉन टेलर यांचं ‘द रोझेस ऑफ ईम’ हे नाटक १९७० चं. गोष्टीचा भार तिथे दोन धर्मगुरूंच्या खांद्यावर आहे. जेराल्डिन ब्रूक्स यांची ‘इयर ऑफ वंडर्स’ ही २००१ ची कादंबरी ईमवरच बेतलेली. तिने एक महत्त्वाची गोष्ट केली, गोष्ट मोलकरणीच्या तोंडी दिली. अ‍ॅना ही विधवा बाई, तिची मुलं साथीत जातात, ती रोग्यांची सेवा करते, औषधी वनस्पती शिकते. वाचताना वाटतं, आता ज्यांना आवाज नव्हता त्यांचा आवाज येणार. काही अंशी तो येतोही. पण पुढे कादंबरीला धर्मगुरूचं गुपित हवंसं वाटतं. पत्नीच्या जुन्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून तो तिच्याशी किती निष्ठुर वागला, ते उघड होतं. आणि शेवटी अ‍ॅना थेट उत्तर आफ्रिकेतल्या ओरानला पोचते. धर्मगुरूचा पुतळा पाडला आणि त्याच चौथऱ्यावर अ‍ॅनाला उभं केलं, असं आमचं मत. नायक बदलला, पण नायकाची गरज तशीच राहिली. जे मेले ते या पुस्तकातही बव्हंशी नायिकेच्या वाढीचं साहित्य होतात.

मग ईममध्ये मृतांचं स्मरण कुठे आहे? आमच्या मते ते चर्चच्या नोंदवहीत आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणं भाग पडलं. तेव्हापासून ही कोरडी वही गावोगाव चालू आहे. वही मेलेला शूर होता का विचारत नाही. तो गावबंदीला राजी होता की रात्री पळायच्या बेतात होता, याच्याशी तिला कर्तव्य नाही. नाव आणि तारीख, बस्स. ऑगस्ट १६६६ मध्ये हॅन्कॉक या आडनावाची सात माणसं आठ दिवसांत गेली, बाप आणि सहा मुलं. आई एलिझाबेथ वाचली. त्या सगळ्यांना तिने एकटीने रायलीच्या शेतात पुरलं, असं सांगतात. तिची संमती कुणी, केव्हा घेतली, हे आपल्याला ठाऊक नाही. त्या मुलांची तर कुणीच घेतली नसणार. २०१६ साली याच नोंदींच्या आधारे एक संख्याशास्त्रीय अभ्यास झाला. त्यात दिसतं की बहुतेक लागण, सुमारे तीन चतुर्थांश, माणसाकडून माणसाला झाली, आणि घरातल्या घरात लागण होण्याचा धोका मोठा होता. म्हणजे लोक जिथे एकमेकांची सेवा करत होते, तिथेच मरत होते. हे सांगायला साडेतीनशे वर्षांनी वहीच कामी आली, प्रवचन नव्हे.

इथे थोडं तत्त्वज्ञान. आविशाय मार्गालित यांचं ‘द एथिक्स ऑफ मेमरी’ हे पुस्तक एका प्रसंगापासून सुरू होतं. एका सैन्याधिकाऱ्याला आपल्या हाताखाली मेलेल्या सैनिकाचं नाव आठवत नाही आणि लोक संतापतात. मार्गालित विचारतात, संताप योग्य आहे का? नाव आठवणं हे कर्तव्य आहे का? त्यांचं उत्तर असं की स्मरणाचं कर्तव्य दाट नात्यांतून येतं, घर, गाव, जमात यांतून. परक्यांचं आपण फार तर भलं चिंतू शकतो. आम्हाला हे अर्धं पटतं. कारण पॅरिशची वही बघा. लिहिणारा कारकून त्या माणसाला ओळखतही नसेल, कदाचित त्याच्याशी भांडलाही असेल. तरी नाव लिहिणं त्याला चुकत नाही. दाट नातं जिथे कमी पडतं, रुसतं, मरून जातं, तिथे पातळ नात्याची एक रीत उभी असते आणि ती काम करते. साथीत हेच लागतं, कारण साथीत कधी कधी आठवण ठेवणारं घरच राहत नाही.

आता विसाव्या शतकात या. इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात, बहुधा चर्चच्या आवारातच, एक क्रूस किंवा शिळा असते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावच्या मुलांची नावं तिच्यावर असतात. नोव्हेंबरात स्मरण रविवार असतो, पुष्पचक्र वाहतात, नावं मोठ्याने वाचतात. त्याच महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाची साथ आली. ब्रिटनमध्ये तिने सव्वादोन लाखांच्या वर माणसं नेली. त्यांची शिळा कुठे आहे? त्याच आवारात ते झोपलेत, पण नावं वाचली जात नाहीत. सैनिक ‘कशासाठी तरी’ मेला असं मानता येतं. तापाने मेलेली बाई कशासाठी मेली, हे सांगता येत नाही. आमचा मुद्दा इथे येऊन ठेपतो : साथीतला मृत हुतात्मा ठरल्याशिवाय त्याला स्मारक मिळत नाही. ईमला ते मिळालं, कारण ईमच्या मृतांना सैनिकांच्या रांगेत उभं करता आलं.

आपल्याकडे वेगळं आहे असं समजू नका. १८९७ चा पुण्याचा प्लेग म्हटला की आपल्याला रँड आठवतो, चाफेकर आठवतात, रोग्यांची सेवा करता करता गेलेल्या सावित्रीबाई आठवतात. आठवायलाच हव्यात. पण नुसते प्लेगने मेलेले? त्यांच्यातलं एक नाव सांगा म्हटलं तर आपण गप्प बसतो.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आपली चर्चं बंद केली. धर्मगुरूंनीही आत जाऊन एकट्याने प्रार्थना करू नये, असं आर्चबिशपांनी सांगितलं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी ईस्टरचं प्रवचन स्वतःच्या स्वयंपाकघरातून दिलं. अंत्यविधीला मोजकी माणसं. खेड्यातल्या माणसाला चर्च म्हणजे निव्वळ रविवारची उपासना नव्हे. आजोबांची कबर, लग्नाची वेदी, युद्धात गेलेल्या काकाचं नाव, सगळं एकाच आवारात. ते दार बंद झालं तेव्हा त्याला ईमची आठवण दिली गेली : बघा, त्यांनीही चर्च बंद केलं होतं. पण ईमच्या लोकांनी चर्च बंद करून घळीत जागा शोधली होती. ते एकमेकांना दिसत होते, हे सांगायचं राहून गेलं. आणि त्याग करा म्हणताना कुणाचा त्याग, हा जुना प्रश्नही राहिला. ज्याला घरी बसून पगार होता तो, की ज्याला कामावर जावंच लागत होतं तो?

म्हणून आम्हाला त्या काळातल्या दोन साध्या गोष्टी मोलाच्या वाटतात. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलने मे २०२० मध्ये ‘रिमेंबर मी’ हे ऑनलाइन स्मरणपुस्तक उघडलं. धर्म कुठलाही असो, नाव नोंदवता येत होतं. दुसरी गोष्ट, मार्च २०२१ मध्ये मृतांच्या नातलगांनी संसदेसमोर, थेम्सच्या पलीकडच्या भिंतीवर एकेका मृतासाठी एकेक लाल हृदय रंगवायला घेतलं. तो रंग उडतो. स्वयंसेवक येऊन पुन्हा भरतात. स्मरण म्हणजे हेच, उडालेला रंग परत भरण्याचं काम. या दोन्ही गोष्टी ईमच्या वहीच्या वंशातल्या आहेत. ‘तू शूर होतास का’ असं त्या विचारत नाहीत.

कुणी म्हणेल, गोष्ट नसती तर वही तरी कुणी उघडली असती? रास्त प्रश्न आहे. मॉम्पेसन यांच्या गोष्टीनेच माणसं ईमला येतात आणि घरांबाहेरच्या पाट्यांवरची नावं वाचतात. आम्ही गोष्ट पुसा म्हणत नाही. तिच्याकडे दार म्हणून बघा, एवढंच म्हणतो. प्लेग संडेला कॅथरिन मॉम्पेसन यांच्या कबरीवर पुष्पचक्र वाहतात. ती कबर चर्चच्या आवारात आहे, दगडी आहे, सापडते. बहुतेकांच्या कबरी शेतांत विरून गेल्या. ते पुष्पचक्र वाहताना नोंदवहीतलं एखादं पान मोठ्याने वाचलं, तर स्मरण पुरं होईल.

आणि आपल्याकडे वही नाही असं नाही. आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत जन्ममृत्यूची नोंद असते. २०२० आणि २०२१ ची पानं तिथे आहेत. घरच्यांची हरकत नसेल तर एखाद्या ग्रामसभेत ती नावं वाचायला काय लागतं? भाषण नको, हार नको, कुणी योद्धा ठरायला नको. नाव वाचायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.