हिपोकॅम्पसची प्रतिमा आणि स्मृतीची कसोटी

छिन्नमनस्कतेच्या मीमांसेत मेंदूच्या प्रतिमेला आज जे प्रामाण्य लाभले आहे, ते कितपत सार्थ आहे हे तपासून पाहणे अवश्य आहे. १९७६ साली ईव्ह जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या विस्तारलेल्या असतात, असे सी.टी. तंत्राने दाखविले. रुग्णाच्या आईवर दोष ठेवणारी उपपत्ती त्यानंतर टिकणे कठीण झाले. हे ऋण मोठेच होय.

पुढे लक्ष वळले ते हिपोकॅम्पसकडे, म्हणजे नव्या आठवणींची नोंद ज्यावर अवलंबून असते त्या भागाकडे. एनिग्मा संघाने २०१६ मध्ये २,०२८ रुग्णांची २,५४० निरोगी व्यक्तींशी तुलना केली, तेव्हा रुग्णांत या भागाचे आकारमान सरासरीने कमी आढळले. अंतर होते प्रमाण विचलनाच्या ०.४६ पट. येथे थोडे थांबले पाहिजे. वितरणे प्रसामान्य मानली, तर एवढ्या अंतरात दोन्ही गटांच्या आलेखांचा सुमारे ८२ टक्के भाग एकमेकांवर पडतो. सरासरीविषयी निःशंकपणे बोलणारी ही प्रतिमा समोर बसलेल्या एका माणसाविषयी जवळजवळ मुकी आहे. औषधांचा व आजाराच्या कालावधीचा वाटा वेगळा काढणे, हेही सोपे नाहीच.

उलट, हाइनरिक्स व झाकझानिस यांनी १९९८ मध्ये २०४ अध्ययनांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात शाब्दिक स्मृतीतील अंतर १.४१ पट भरले. कागद-पेन्सिलीची कसोटी महागड्या यंत्राहून अधिक सांगून जाते, ही गोष्ट प्रतिमेच्या पुरस्कर्त्यांना फारशी रुचणारी नाही.

त्याच १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशाला हा निष्कर्ष सोयीचा वाटेल. पण कसोटी शब्दांची आहे, आणि तिचे शब्द बहुधा शाळेतले असतात. मानोरा तालुक्यातील, गोरमाटी बोलणाऱ्या व शाळेची पायरी न चढलेल्या एखाद्या स्त्रीला प्रमाण मराठीतील शब्दयादी ऐकवली आणि तिला चारच शब्द आठवले, तर उणीव तिच्या स्मृतीची, शिक्षणाची, की यादीची? लग्नातली गाणी तिला अखंड मुखोद्गत असू शकतात. (ते जुने स्मरण; नव्या शब्दांच्या नोंदीशी त्याची गल्लत करू नये, हे खरे.) गोरमाटीत आणि वऱ्हाडीत रचलेली, त्याच गावांतील निरोगी माणसांच्या गुणांशी ताडून पाहिलेली शब्दयादी हाती नसताना तिला प्रतिमायंत्रासाठी नागपूरला धाडणे म्हणजे संशोधनाचा क्रमच उलटा लावणे होय.