28 डॉलर साडेबारा सेंटचं घर : थोरोचा तक्ता कसा वाचावा

पेपर हातात आला की आपण आधी निष्कर्ष बघतो. 'साहित्य आणि पद्धती' हा भाग शेवटी, तोही घाईत. ही सवय मोडायची असेल तर विज्ञानाबाहेरचं एक पुस्तक वाचा : हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन' (1854). मराठीत दुर्गा भागवतांनी ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने आणलं आहे. बहुतेकांना त्यातलं तळं आणि एकांत आठवतो. मी बोलणार आहे पहिल्या प्रकरणातल्या एका हिशेबाबद्दल.

1845 च्या मार्चअखेरीस थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी गेला. जागा इमर्सनची. त्याने पाइनची झाडं तोडली, खांब-तुळया तासल्या, तळघर खणलं आणि 4 जुलैला 10 बाय 15 फुटांच्या घरात राहायला गेला. खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट.

हा आकडा तो नुसता सांगत नाही, तक्ता देतो. फळ्या 8 डॉलर साडेतीन सेंट, खिळे 3 डॉलर 90 सेंट, चुना 2 डॉलर 40 सेंट, 1 सेंटचा खडूसुद्धा. चुना महाग पडला, गिलाव्यात घालायचे केस गरजेपेक्षा जास्त आले, असे शेरेही आहेत. साहित्य असं लिहावं.

आणि हा तक्ता आपला एक गैरसमज दूर करतो. 'जंगलातल्या वस्तूंनी बांधलेलं घर' म्हणावं, तर लाकूड, दगड आणि वाळू एवढंच तिथलं. फळ्या बऱ्याचशा रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन, ती मोडून आणलेल्या. विटा जुन्या, 1000. काचेच्या दोन खिडक्याही जुन्याच. म्हणजे 'सगळं निसर्गातून' ही कल्पना आपली. लेखकाने तसा दावा केलेलाच नाही.

थोरोवर नेहमीचा आरोप असतो की कपडे घरच्यांकडून धुऊन घ्यायचा आणि स्वावलंबनाच्या गप्पा मारायचा. पण धुणं आणि शिवणटिपण बाहेर होतं, त्याची बिलं अजून आलेली नाहीत, हे त्यानेच खर्चाच्या हिशेबात लिहून ठेवलंय. जे लेखकाने उघड सांगितलंय, ते 'पकडलं' म्हणून मिरवू नका. रिव्ह्यू लिहिताना हे फार उपयोगी पडतं.

खरी अडचण तुलनेत आहे. तक्त्याच्या आधी तो सांगतो की मजुरी धरलेली नाही, कारण सगळं काम स्वतः केलं. (सांगाडा उभा करताना ओळखीचे लोक मदतीला होते, हे त्याआधी त्यानेच लिहिलंय.) इथवर ठीक. पण पुढे तो म्हणतो की केंब्रिजच्या कॉलेजात जेमतेम एवढ्याच खोलीचं वर्षाचं भाडं 30 डॉलर, माझं अख्खं घर त्याहून स्वस्त. भाड्यात जागा आली, बांधणाऱ्याची मजुरी आली. त्याच्या आकड्यात दोन्ही शून्य. हा कंट्रोलच चुकीचा आहे.

मजुरीचा दर त्याला माहीत नव्हता, असंही नाही. त्याच प्रकरणात तो दिवसाला 1 डॉलर धरून दाखवतो की 800 डॉलरच्या साध्या घरापायी मजुराची 10 ते 15 वर्षं जातात. हाच दर त्याला स्वतःला लावा. समजा 40 दिवसांचं काम झालं, तर एकूण सुमारे 68 डॉलर. तो तिथे दोन वर्षं दोन महिने राहिला. तेवढ्या काळाचं भाडं होतं 65 डॉलर. म्हणजे जवळपास बरोबरी.

मग पुस्तक खोटं ठरलं का? नाही. 800 समोर 68 अजूनही फार थोडे आहेत, म्हणजे त्याचा मोठा मुद्दा टिकतो. पडते ती फक्त भाड्याची तुलना. आणि हे आपल्याला कळलं, कारण त्याने सगळे आकडे आणि त्यांच्या अटी छापल्या. आकडे लपवले असते तर चूकही सापडली नसती.

तुमच्या विषयातला एखादा गाजलेला पेपर घ्या. त्यात काय शून्य धरलंय आणि तुलना कशाशी केलीय, एवढ्या दोनच गोष्टी वहीत लिहा. आधी तुलना दुरुस्त करा, मग ठरवा की दावा किती उरतो.